किलोमीटर भागिले नऊशे

सॅन फ्रान्सिस्को ते दिल्ली, जवळात जवळची हवाई वाट सुमारे 12,400 किलोमीटर. ताशी 900 चा वेग धरला की उत्तर चौदा तासांच्या आत. पुण्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी परतीच्या प्रवासाचं गणित असंच सोडवलं. लेकाने काढलेल्या तिकिटावर पोहोचायची वेळ छापलेली होती, पण ती पाहतो कोण! शुक्रवारी रात्री 9 ला निघालो की शनिवारी रात्री सव्वाअकराला दिल्ली, असं ठरवून सरांनी पहाटे 3 चं पुण्याचं तिकीट वेगळं काढून टाकलं.

विमान अगदी वेळेवर उतरलं. मात्र ती वेळ होती रविवारी पहाटे दीडची, कारण प्रवासच सोळा तासांचा. मग इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरच्या बॅगा, कस्टम्स. सर काउंटरला पोहोचले तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते आणि देशांतर्गत चेक-इन उड्डाणाच्या तासभर आधीच बंद होतं. ‘‘अहो, विमान अजून जमिनीवरच आहे ना?’’ सर विचारत राहिले. तिकीट बुडालं ते बुडालंच.

हा भागाकार फसतो, कारण विमान नकाशावरच्या रेषेला बांधलेलं नसतं. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट 13,900 वरून 15,300 किलोमीटरवर गेली, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोहोचलं. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारे वारे या वाटेवर पाठीशी होते. मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, तोही याच वाऱ्यांमुळे.

वाऱ्यावर राजकारणाचीही भर पडते. 2022 मध्ये रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांनाही वळसा पडला. त्यामुळे शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी सांगितलेले तास यंदा धरून चालू नयेत. त्याच क्रमांकाचं विमान गेल्या आठवडाभरात प्रत्यक्ष कधी उतरलं, ते पाहावं.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. वेळेशेजारचा बारीक ‘+2’ म्हणजे निघाल्यापासून तिसऱ्या तारखेला पोहोचणार. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, तेही हिशेबात धरायला हवं.

शक्य तर पुण्यापर्यंतचं सगळं एकाच पीएनआरवर काढावं. पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर येतं. वेगळंच तिकीट काढायचं असेल, तर मधे निदान पाच-सहा तास ठेवावेत आणि टर्मिनल तपासावं. दिल्लीत टी-3 वरून टी-1 ला पायी जाता येत नाही. बस किंवा टॅक्सी करावी लागते.