मुंगीचे ओझे

अंगणात साखर सांडली की मुंग्या येतात, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण त्या ती नेतात कशा, हे आपण कधी बसून पाहिले आहे काय? पाहण्यासारखे आहे बघा.

आधी एकटी मुंगी घेऊ. कण हलका असला की ती तो जबड्यात धरून उचलते आणि सरळ पुढे चालू लागते. जड असला तर कणाकडे तोंड करून मागे मागे ओढीत नेते. तेही न जमले म्हणजे? पुष्कळ जातींच्या मुंग्या अशा वेळी घरी परततात आणि येताना पोट भुईला टेकवीत वासाची रेघ ओढतात. त्या वासाच्या मागाने बाकीच्या येतात. खाणे संपले की रेघ कोणी नवी करीत नाही, आणि वास आपोआप विरून जातो.

आता समुदाय पाहू. आपल्याकडे घराघरांतून वेडीवाकडी धावणारी, लांब मिशांची एक बारीक काळी मुंगी आढळते. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत ओफर फाइनरमन व त्यांचे सहकारी यांनी हिचाच अभ्यास करून तो 2015 साली प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की, ओझ्याच्या पुढल्या अंगाच्या मुंग्या ओढतात आणि मागल्या उचलून धरतात, म्हणजे ओझे भुईला घासत नाही. मात्र ओझ्याला बिलगलेल्या मुंगीस वाट नीट उमगत नाही. मग मोकळी फिरणारी एखादी, जिला घरची वाट नुकती कळली आहे, ती येऊन ओझ्याला धरते व ओढ देते. बाकीच्या तिची ओढ ओळखून तिकडे वळतात. पण हा तिचा मान 10-20 सेकंदांचाच! तेवढ्यात तिचीही वाट हरवते. मग ती इतरांसारखीच भार वाहते, आणि वाट दाखवायला दुसरी येते. येथे कायमचा मुकादम कोणीच नाही.

म्हणाल, माणसाची गोष्ट वेगळी. याच मंडळींनी पुढे एक वाकडेतिकडे ओझे दोन अरुंद फटींतून पार करण्याचे कोडे मुंग्यांना घातले, आणि तसेच मोठे करून माणसांनाही. 2024 साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. एकटा माणूस एकट्या मुंगीहून पुष्कळ सरस ठरला, यात नवल नाही. पण सुमारे 80 मुंग्या मिळाल्या तेव्हा त्या एकटीपेक्षा हुशारीने वागल्या. उलट माणसांच्या जमावाला बोलण्याची व खुणांची बंदी केली, तेव्हा तो एकट्या माणसाहून सरस ठरला नाही. जवळची वाट दिसली की सगळे तिकडेच रेटू लागले.

अहो, मांडवाचा वासा उचलताना आपलेही असेच होते ना? प्रत्येकाला वाट ठाऊक असते आणि वासा दारातच अडकतो. ज्याला वाट कळली त्याने ती दाखवावी, आणि दाखवून झाल्यावर मुकाट्याने खांदा द्यावा. मुंगीला हे दुसरे जमते. आम्हांस अजून शिकायचे आहे.