वार्धक्यातील अवटुजन्य नेत्रविकार

खानदेशात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याशी, गलगंड हा रोग अपरिचित नाही. आहारातील आयोडीनच्या अभावी गळ्यातील अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, वाढते. आयोडीनयुक्त मीठ हा त्यावरील प्रतिबंधक उपाय होय. परंतु याच ग्रंथीशी निगडित असलेला एक नेत्रविकार मिठाने टळत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर आणि डोळ्यांमागील स्नायू व चरबीवर उलटते, तेव्हा तो उद्भवतो. आयर्लंडमधील डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली या रोगाचे वर्णन केले.

वृद्धांतील वेगळे रूप

तरुण रुग्णाचे पुढे आलेले डोळे, छातीतील धडधड व हातांचा कंप पाहून निदान लवकर सुचते. वृद्धांच्या बाबतीत मात्र गळा सुजलेला दिसेलच असे नाही. डोळेही अनेकदा फारसे पुढे येत नाहीत. वजन घटते, उत्साह मावळतो, नाडी अनियमित होते आणि हे सारे वयोमानावर ढकलले जाते. स्नायू ताठरल्याने नजर वर नेणे कठीण जाते व एकाच्या दोन वस्तू दिसतात. एक डोळा मिटताच दुसरी प्रतिमा नाहीशी झाली, तर दोष मोतीबिंदूचा नसून दोन्ही डोळ्यांच्या मेळाचा आहे, असे समजावे.

विलंबाचा धोका

सुजलेल्या स्नायूंचा दाब दृष्टितंतूवर पडण्याची भीती वृद्धांत अधिक असते. एका डोळ्याला लाल रंग फिका दिसणे ही त्याची पूर्वसूचना होय. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहण्यात काळ गेल्यास दृष्टी कायमची गमावण्याचा संभव असतो.

निदान व कर्तव्य

टीएसएच व टी-४ या रक्ततपासण्या प्रथम कराव्या लागतात. काही रुग्णांत त्या निर्दोष येतात. तेव्हा प्रतिपिंडांची तपासणी व डोळ्यांच्या खोबणीचा सीटी स्कॅन निर्णायक ठरतो. धूम्रपानाने विकार बळावतो. म्हणून बिडी सोडणे हा उपचाराचाच भाग आहे.

नेत्रशिबिरासाठी वृद्धांची नावे नोंदविताना पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : एकाचे दोन दिसते काय? रंग फिके झाले काय? उत्तर होकारार्थी असल्यास रुग्णास शिबिरापर्यंत न थांबविता धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अथवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विनाविलंब पाठवावे.