भाड्याने देण्यासाठी घर किंवा गाळा घेताना

धंद्यात चार पैसे शिल्लक पडले की आपल्या कारागीर व व्यापारी बंधूंचा पहिला विचार एकच असतो: एखादी खोली किंवा गाळा घेऊन ठेवू, भाडे येत राहील. आखातात पंधरा-वीस वर्षे काढून परतलेले कोकणातील बंधूही हाच मार्ग धरतात. व्याजाला हात न लावता मिळणारे हे हलाल उत्पन्न आहे, म्हणून विचार चांगलाच आहे. परंतु कापडाचा ताका उलटून-पालटून पाहणारा आपला व्यापारी आयुष्याची कमाई घालून घर घेताना मात्र दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबतो, असे आम्हास वारंवार दिसते.

प्रथम हिशेब पाहू. समजा, ३० लाखांचा फ्लॅट घेतला. ७ टक्के दराने मुद्रांक शुल्क २ लाख १० हजार, नोंदणी फी ३० हजार, वकील, दलाल व किरकोळ दुरुस्ती मिळून ६० हजार. म्हणजे गुंतले ३३ लाख. भाडे महिना ९ हजार धरले आणि वर्षात एक महिना घर रिकामे राहिले तर हाती येतात ९९ हजार. त्यातून सोसायटीचा खर्च १८ हजार, घरपट्टी ५ हजार, रंग-दुरुस्ती ८ हजार, दलाली ९ हजार वजा करा. उरले ५९ हजार, म्हणजे गुंतवणुकीवर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. दलाल सांगतो तो "साडेतीन टक्के" हा आकडा खर्च न धरता काढलेला असतो. किंमत पुढे वाढेल हा भाग खरा असू शकतो, पण ती वाढ घर विकले तरच हाती येते. दरमहा घर चालवायला ती उपयोगी पडत नाही. जो पैसा धंद्यात फिरता हवा, तो भिंतीत अडकवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. (खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तर महाराष्ट्रात निवासी घरासाठी मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत २०२१ पासून मिळते, हे ध्यानात ठेवावे.)

आता कागदपत्रे. मुंब्रा, भिवंडी यांसारख्या ठिकाणी स्वस्त मिळणाऱ्या घरांत भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला ओ.सी. म्हणतात, ते पुष्कळदा नसते. काही इमारतींना बांधकाम परवानगीच नसते. मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी 'लकी कंपाऊंड'मधील इमारत कोसळली. बांधकाम चालू असतानाच तेथे लोक राहायला आले होते. ७४ माणसे दगावली. अशा इमारतीत खोली घेऊन ती भाड्याने देणारा केवळ स्वतःचे पैसे धोक्यात घालत नाही, दुसऱ्याची मुले-बाळे त्या छताखाली झोपवतो. तेव्हा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी, ओ.सी. आणि आधीच्या खरेदीची सूची क्रमांक दोन हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा. नव्या प्रकल्पाची महारेराकडील नोंद तपासून घ्यावी. घरपट्टीची पावती किंवा वीजबिल म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे.

पागडीच्या खोलीबाबत एक इशारा. पागडी देऊन आपल्या नावे पावती झाली तरी आपण भाडेकरूच असतो, मालक नव्हे. मालकाच्या संमतीशिवाय ती दुसऱ्याला भाड्याने दिली तर खोली रिकामी करून मागण्याचा हक्क मालकाला मिळतो. भाडे खाण्यासाठी पागडीची खोली घेऊ नये.

करारनाम्याकडे येऊ. "अकरा महिन्यांचा कागद केला की नोंदणी लागत नाही" हा समज घट्ट बसला आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी कायद्यात सक्ती नव्हती, त्यातून तो आला. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठे नुकसान असे की, नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवणे मालकाच्या शिरावर. मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे, आणि परत करावयाच्या अनामतीवर दरसाल १० टक्के धरून येणारी रक्कम त्या हिशेबात मिळवतात. नोंदणी फी शहरात १,००० रुपये. इतक्या थोडक्यासाठी घर गमावण्याची जोखीम कोण शहाणा घेईल? देण्या-घेण्याचे लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. नात्यातला किंवा जमातीतला माणूस आहे म्हणून कागद टाळणे हे त्या ताकिदीच्या उलट होय.

घर व गाळा यांत एक फरक आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट दाद मागता येते आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट भाडे मागता येते. ही सोय केवळ निवासासाठी आहे. यंत्रमागाचा गाळा, दुकान, कारखाना यांसाठी नेहमीचे न्यायालय गाठावे लागते व तेथे वर्षे जातात. गाळ्याचे भाडे जास्त मिळते ते उगाच नाही. म्हणून गाळा देताना माणूस पारखून घ्यावा. मीटर कोणाच्या नावे, किती भाराची वीज, माग किती बसवायचे, जमिनीला हादरे बसून तडे गेले तर खर्च कोणाचा, हे सर्व करारात यावे. ज्या धंद्यातले आपल्याला कळते त्याच धंद्याचा गाळा घ्यावा, म्हणजे मंदीची चाहूल भाडेकरूआधी आपल्याला लागते.

मुंबई-ठाण्याच्या आपल्या वस्त्यांत "हेवी डिपॉझिट"ची रीत पसरली आहे. पाच-दहा लाख एकदम घ्यायचे, भाडे शून्य, सोडताना सगळी रक्कम परत. मालकाला हे फुकटचे भांडवल वाटते. पण ती रक्कम कर्जच असते, आणि कर्ज देऊन त्यावर राहण्याचा लाभ घेणे हे अनेक उलेमांच्या मते व्याजातच मोडते. व्यवहारातही ते घातक आहे: पैसे धंद्यात गेलेले असतात आणि भाडेकरू निघतो त्या दिवशी ते उभे करता येत नाहीत. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक ठेव रोखीने घेण्यास आयकर कायद्यात मनाई आहे, आणि दंड त्या रकमेएवढा होऊ शकतो. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत बँकेमार्फत घ्यावी, ती वेगळी ठेवावी.

भाडेकरू ठेवल्याची माहिती पोलिसांना द्यावी. मुंबई-ठाण्यात तसे आदेश वेळोवेळी निघतात. सोसायटी ना-भोगवटा शुल्क मागेल, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. आयकरात घराच्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा जाते व उरलेल्यावर दुरुस्तीपोटी ३० टक्के सूट मिळते, मग खर्च झालेला असो वा नसो. जकात भाड्याने दिलेल्या इमारतीच्या किमतीवर नसते. साठलेल्या भाड्याची रक्कम मात्र आपल्या इतर पैशांत मिळवून हिशेब करावा लागतो.

शेवटी, भावा-भावांनी मिळून घेतलेली जागा. एकाच्या नावे खरेदी, पैसे तिघांचे, असे आपल्यात सर्रास चालते. खरेदीखतातच तिघांची नावे व प्रत्येकाचा हिस्सा लिहावा, भाडे कोणाच्या खात्यात यायचे व वाटणी केव्हा करायची हे वेगळ्या कागदावर ठरवावे. सोसायटीत नॉमिनी नेमला म्हणजे वारसाहक्क त्याला गेला असे होत नाही. बहिणींचा व आईचा शरीअतप्रमाणे असलेला हिस्सा कायम राहतो.