सायकलीच्या पाठीला स्प्रिंग हवी का?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. पारोळ्याकडच्या एका खेड्यातला नववीतला मुलगा वडिलांबरोबर जळगावला आमच्या घरी आला होता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा तो पुतण्या. कापसाचे पैसे हाती आले होते आणि त्यातून मुलाला सायकल घ्यायची, असे ठरले होते. शाळा नऊ किलोमीटर; त्यातले सहा डांबरी, तीन गाडवाटेचे. मुलाच्या मनात दुकानात पाहिलेली एक सायकल भरली होती. जाड टायर, पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा, आणि सीटखाली मागच्या चाकासाठी आणखी एक लठ्ठ लाल स्प्रिंग. वडिलांनी विचारले, "सर, ह्या मागच्या स्प्रिंगचे जास्तीचे पैसे द्यावेत का?"

अगदी अशीच सायकल मी चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीसाठी आणली होती. पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस दुकानात रंग पाहून फसला! महिनाभरात मुलगी म्हणू लागली, "बाबा, ही सायकल पुढे जाण्यापेक्षा वरखालीच जास्त जाते." तिचे हे वाक्य शास्त्रीय दृष्टीने किती बिनचूक होते, ते आता पाहू.

सायकलीला स्प्रिंग लावण्याची कल्पना नवी नाही. १८८५ च्या सुमारास लंडनच्या लिनली आणि बिग्ज या कारखानदारांनी 'व्हिपेट' नावाची सायकल काढली. तिच्यात सीट, हँडल आणि पायडले स्प्रिंगच्या आधाराने धक्क्यांपासून वेगळी ठेवली होती. त्या काळचे टायर भरीव रबराचे, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खडा हाडांपर्यंत पोचे. पण १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेले टायर बसवले, आणि थोड्याच वर्षांत स्प्रिंगांच्या सायकली मागे पडल्या. टायरमधली हवा ही स्वतःच एक उत्तम स्प्रिंग आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे. पुढे १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन भागात काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून भरधाव उतरू लागले आणि डोंगरी सायकल जन्माला आली. तिलाही आरंभी मागे स्प्रिंग नव्हती. ती सर्रास दिसू लागली १९९० नंतर.

आता लाल स्प्रिंगकडे वळू. मागचे चाक ज्या चिमट्यात बसते तो चिमटा अशा सायकलीत फ्रेमला बिजागरीने जोडलेला असतो. चाक खड्ड्यावर आदळले की चिमटा बिजागरीभोवती वर फिरतो आणि स्प्रिंग दाबली जाते. तुम्ही नुसते सीटवर बसलात तरी ती थोडी दबते. समजा, मागच्या चाकावर ४०० न्यूटन भार आला, म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅमचे वजन, आणि सायकलीची मागची बाजू ४ सेंटिमीटर खाली बसली. या बसण्याला आपण 'बैठक' म्हणू. हूकच्या नियमाने चाकापाशी स्थिरांक झाला दर सेंटिमीटरला १०० न्यूटन.

पण प्रत्यक्ष स्प्रिंग बिजागरीच्या जवळ असते, चाकाइतकी हलत नाही. चाक अडीच सेंटिमीटर हलले तर स्प्रिंग एक सेंटिमीटर दबते, असे धरा. मग ४ सेंटिमीटरच्या बैठकीत ती दबेल १.६ सेंटिमीटर, आणि तरफेच्या नियमानुसार तिच्यावरचे बल होईल ४०० च्या अडीचपट, म्हणजे १००० न्यूटन. भागाकार करा: दर सेंटिमीटरला ६२५ न्यूटन. १०० च्या सव्वासहा पट! अडीचचा वर्ग सव्वासहा, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. बलात एकदा आणि अंतरात एकदा, असे अडीच दोनदा येतात. म्हणून दुकानात स्प्रिंग अंगठ्याने दाबून "कडक आहे" किंवा "मऊ आहे" म्हणण्यात काहीच अर्थ नसतो. पाहायची असते ती बैठक.

आणि बैठकीवरून एक मोठी गंमत कळते. स्प्रिंगवरच्या वस्तुमानाचा आंदोलनकाल २π√(m/k) असतो. इथे k म्हणजे भार भागिले बैठक, अर्थात mg/d. ही किंमत घाला. वस्तुमान निघून जाते आणि उरते २π√(d/g). हे सूत्र ओळखीचे वाटले का? हा तर d लांबीच्या साध्या लोलकाचा काल! (स्प्रिंग आधीपासून दाबून बसवलेली नाही, असे मात्र इथे धरले आहे.) चार सेंटिमीटर बैठक असलेली सायकल आणि चार सेंटिमीटर दोऱ्याला टांगलेला लहानसा मणी, दोघांचा ताल एकच. काल येतो ०.४ सेकंद, म्हणजे सेकंदाला अडीच आंदोलने.

आता तुम्ही पायडल कसे मारता ते मोजा. सपाट रस्त्यावर मिनिटाला ७५ फेरे हा सराईत सायकलस्वाराचा नेहमीचा वेग. एका फेरीत डावा पाय एकदा आणि उजवा एकदा जोर देतो, म्हणजे मिनिटाला १५० जोर, सेकंदाला अडीच! झोक्यावर बसलेल्या मुलाला नेमक्या वेळी हलकेच ढकलत राहिले की झोका उंच जातो. तेच इथे घडते. याला अनुस्पंदन म्हणतात. तुमचे पाय स्वतःच्याच सायकलीला झोके देत राहतात आणि चाकाकडे जायची ऊर्जा स्प्रिंगच्या उड्यांत खर्ची पडते. उभे राहून पायडल मारले तर सारे शरीरच वरखाली होते आणि झोके आणखी वाढतात. धुळ्याहून लळिंगचा घाट अशा सायकलीवर चढून पाहा, म्हणजे माझ्या मुलीचे वाक्य पटेल.

मग परदेशांतले स्पर्धक मागे स्प्रिंग असलेली सायकल कशी चालवतात? कारण त्यांच्या शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग नसते, तिच्यासोबत दमकही असतो. पिचकारी आठवा. पाणी बारीक भोकातून बाहेर ढकलायला जोर लागतो, आणि दट्ट्या जितक्या जलद दाबावा तितका विरोध जास्त. दमकात तेल अशाच बारीक छिद्रांतून ये-जा करते आणि झोक्याची ऊर्जा उष्णतेत जाते. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत करते. दमक ती परत येऊ देत नाही. दोघांची कामे वेगळी आहेत, आणि स्वस्त सायकलीतली ती लठ्ठ लाल वस्तू बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते. अर्थात दमक फार कडक असूनही चालत नाही. एका धक्क्यात दबलेले चाक पुढच्या धक्क्यापूर्वी परत आले नाही, तर पाठोपाठच्या खड्ड्यांत ते वरच अडकून राहते.

दमकाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे बिजागरीची जागा. पायडल मारताच चेनची वरची बाजू ताणली जाते आणि मागच्या चाकाला पुढे ओढते. बिजागरी चेनच्या ओळीच्या बरीच खाली असेल, तर ही ओढ चिमट्याला वर फिरवते आणि दर जोराला सीट खाली बसते. चेनच्या ओळीजवळ किंवा किंचित वर असेल, तर हे बसणे पुष्कळ कमी होते. फार वर नेली तर मात्र चाक खड्ड्यात दबताना चेन ताणली जाऊन पायडलाला उलटा हिसका बसतो. कागदावर चाक, चिमटा आणि चेन काढून बिजागरीभोवतीची परिबले मांडून पाहा. शिक्षकांना वर्गात घेण्यासारखे हे उदाहरण आहे.

स्प्रिंगचा उपयोग नाहीच, असे नव्हे. कच्च्या रस्त्यावर बारीक लाटा पडलेल्या असतात. दोन लाटांत ६० सेंटिमीटर अंतर असेल आणि तुम्ही ताशी १५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर जात असाल, तर सेकंदाला सात धक्के बसतील. सायकलीचा स्वतःचा ताल अडीचचा. सातचे धक्के तिला झेपतात आणि सीटपर्यंत फारच थोडे पोचतात. पण काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतर चाकोऱ्यांना जे लांब हेलकावे पडतात, ते पावणेदोन मीटरच्या आसपास असले की त्याच वेगात नेमके सेकंदाला अडीच होतात. तेव्हा दमक नसलेली सायकल घोड्यासारखी उधळते.

तेव्हा दुकानात गेल्यावर आधी सीटवर जोराने दाब देऊन एकदम सोडा आणि मागची बाजू किती वेळा वरखाली होते ते मोजा. चार-पाच उड्या झाल्या, तर दमक नाही. एखाद्या हेलकाव्यात शांत झाली, तर आहे. मग सीटवर बसा आणि मित्राला पट्टीने बैठक मोजायला सांगा. मागचे चाक एकूण जितके हलू शकते त्याच्या पाव ते तीस टक्के बैठक योग्य. अजिबात बसली नाही, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला फार कडक आहे. शिवाय खड्डा आला की खाली उतरून जमिनीला टेकायला चाकाजवळ जागाच उरत नाही. मग ती स्प्रिंग म्हणजे नुसते ओझे. ओझ्याचा बाऊ मात्र करू नका. सायकल आणि स्वार मिळून ७५ किलोग्रॅम असताना तीन किलोग्रॅमची भर म्हणजे चढावर चार टक्के काम जास्त. खरे नुकसान उड्यांत आणि बिजागऱ्यांत होते. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ बिजागरीत शिरते, बुश झिजतात, मागचे चाक डुगडुगू लागते, आणि तो बुश गावच्या सायकल दुकानात मिळत नाही.

सातपुड्यात पाल किंवा तोरणमाळच्या परिसरात दगडगोट्यांच्या उतारांवरून नेहमी सायकल हाकायची असेल, तर दमक असलेला शॉकअप जरूर घ्यावा. त्या एकट्याची किंमत साध्या सायकलीहून जास्त असते, हे आधी ठाऊक असू द्या.

पारोळ्याकडच्या त्या मुलाला मी हे सारे सांगितले आणि दोरीला मणी बांधून चार सेंटिमीटरचा लोलकही दाखवला. त्याने पुढच्या दोन स्प्रिंगा ठेवल्या, मागची सोडून दिली. (पुढचा चिमटा चेनच्या ओढीत येत नाही, म्हणून तिथे हा त्रास कमी.) वाचलेल्या पैशांतून दोन इंच रुंदीचे चांगले टायर आणि पंप घेतला. डांबरी रस्त्यावर हवा थोडी जास्त, गाडवाट लागली की व्हॉल दाबून थोडी कमी, आणि परतताना पुन्हा पंप. आपल्या वजनाला किती हवा ठीक पडते, याचा तक्ता तो वहीत मांडतो आहे. हवा फार कमी केली की रिम खड्ड्यात ट्यूबला चावते, हा शोध त्याला पहिल्याच आठवड्यात लागला.