कोंबड्यांच्या दाण्याला मोटार घेताना

दसरा झाला की गेवराई तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली जोडपी मुकादमाबरोबर जातात. मागं म्हातारी माणसं, पोरंसोरं आणि कोंबड्या. मग हिवाळ्यात माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात कुणी ना कुणी घरी बनवलेलं दाण्याचं यंत्र घेऊन येतंच. डबा धड असतो, पाइप धड असतो. गेलेली असते ती मोटार.

बहुतेकांनी निळी, बोटाएवढी सर्व्हो लावलेली असते. व्हिडिओत ती मांजराला खाऊ घालताना पाहिलेली. तिची ताकद १.८ किलो-सेंटिमीटर, म्हणजे आसापासून एक सेंटिमीटरवर १.८ किलो. आपलं पातं पाच सेंटिमीटरचं असलं तर टोकाला जेमतेम ३६० ग्रॅम उरतात, आणि तेवढ्याला ती जागीच थांबते. मक्याचा एक दाणा पातं आणि पाइपच्या मध्ये सापडला की आतले प्लॅस्टिकचे दाते साफ. एकाची खोलली तर तळहातावर नुसता पांढरा भुगा पडला.

दुसरे हुशार कुलरची जाळी हलवणारी मोटार आणतात. सावकाश फिरते, स्वस्तही आहे. पण ती २३० व्होल्टची, आणि शेतातली लाईन कधी दिवसा तर कधी रात्री. शिवाय कोंबडी वायरला चोच मारल्याशिवाय राहत नाही. खुराड्यात २३० व्होल्ट नेऊच नयेत. फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरोघरी आहे, तीच वापरा.

मोटार घेण्याआधी मात्र एक करा. डबा दाण्यानं काठोकाठ भरा, दाणा खाली सोडणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या आसावर दोरी गुंडाळा, दोरीला बाटली टांगा आणि तिच्यात थोडं थोडं पाणी ओता. चाक हललं की थांबा. बाटलीचं किलोतलं वजन गुणिले आसाची सेंटिमीटरमधली त्रिज्या, एवढा जोर किमान लागतो. मी त्याच्या तिप्पट ताकदीची मोटार देतो, कारण पावसाळ्यात दमट भरडा गच्च बसतो.

ताकदीइतकाच वेग बघा. इथं लोक हमखास फसतात. बाजारातला १२ व्होल्टचा साधा टायमर बहुधा एका मिनिटापेक्षा कमी चालू राहत नाही. चाकात ३० ग्रॅमचे चार कप्पे धरले तर एका फेऱ्याला १२० ग्रॅम. १० आरपीएमची गिअर मोटार मिनिटात १.२ किलो टाकते. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस कोंबड्यांची सोय झाली. भंगारातली वायपर मोटार लावली तर मिनिटात चाळीसेक फेरे, सगळा डबा अंगणात! तिच्या आतल्या वर्म गिअरमुळे जोर दांडगा, एवढं खरं. अडकली तर पातं मोडेल, पण मोटार हटणार नाही. पोराचं बोट आत जाईल असं तोंड तर अजिबात उघडं नको.

फ्यूज विसरू नका. अडकलेली मोटार चालत्या मोटारीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि मिनिटभरात वाइंडिंग काळं पडतं. चालताना किती अँपिअर घेते ते मोजून त्याहून जरा वरचा फ्यूज टाका.

पाच-सात कोंबड्यांसाठी कुणी विचारलं तर मी मोटार विकतच नाही. टांगता फीडर घ्या म्हणतो, आणि उंदरांसाठी रात्री त्यावर झाकण.