चुकीचा माग

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी नावाची वाडी आहे. कोजागिरीच्या दिवशी हिरकणी गवळण दूध घालण्यासाठी गडावर गेली. परतताना तिला थोडा उशीर झाला आणि सूर्यास्ताबरोबर गडाचे दरवाजे बंद झाले. तेव्हा घरी राहिलेल्या तान्ह्या बाळासाठी ती माउली काळोखात अवघड कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. थोड्याशा उशिराचे मोल केवढे असू शकते, हे ती गोष्ट आपल्याला सांगते. आज त्याच कड्यावरच्या आकाशातून असे उपग्रह फिरत असतात, की ज्यांच्या बाबतीत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूकही मोठी ठरते.

हे उपग्रह पृथ्वीवरील माणसाला त्याचे स्थान कळवतात. उपग्रहाकडून निघालेल्या संदेशात तो कोणत्या क्षणी निघाला, याची नोंद असते. संदेशाला आपल्यापर्यंत येण्यास किती वेळ लागला हे कळले, की उपग्रहाचे अंतर काढता येते. निरनिराळ्या उपग्रहांपासूनची अंतरे कळली, की आपले स्थान निश्चित होते. संदेशाचा वेग प्रकाशाइतका, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. म्हणून वेळेत एक दशलक्षांश सेकंदाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. २०२१ च्या जुलै महिन्यात महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. अशा प्रसंगी धावून जाणाऱ्यांच्या दृष्टीने ३०० मीटर म्हणजे ओढ्याचा अलीकडचा काठ की पलीकडचा, एवढा फरक होय.

वेळेबरोबरच आणखी एक गोष्ट लागते. कोणता उपग्रह कोणत्या क्षणी कोठे असेल, याचे कोष्टक हाती असावे लागते. हे जणू उपग्रहांचे पंचांगच होय. पंचांगाचा आकाशाशी मेळ बसला पाहिजे, हा आग्रह आपल्याकडे नवा नाही. याच जिल्ह्यातील नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ सिद्ध केला. कोष्टकातील ग्रह आणि डोळ्यांना दिसणारा ग्रह यांत अंतर राहू नये, हीच त्यांची तळमळ होती.

आता कोष्टक आणि उपग्रह यांचा मेळ बसेना, तर चूक कोठे शोधावी? एकदाच झालेली चूक शोधणे कठीण असते. परंतु तीच चूक पुन्हा पुन्हा एकाच रीतीने होत असेल, तर तिच्यामागे काही नियम असतो. तो नियम शोधण्यासाठी शास्त्रज्ञ चुकीला तीन प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न असा : चूक कोणत्या दिशेला होते? समजा, सकाळी ८ वाजता महाडची एस. टी. पाचाडला असावयाची. तुमच्या घड्याळात ८ वाजतात, तेव्हा ती रोज पुढे हिरकणीवाडीला पोहोचलेली असते. ती रस्ता सोडून शेतात शिरलेली कधीच दिसत नाही. रस्त्यावरच, पण पुढे दिसते. यावरून रस्ता बरोबर असून तुमचे घड्याळ मागे आहे, हे उघड होते. उपग्रहांच्या बाबतीतही असेच घडू शकते. अमेरिकेच्या जी. पी. एस. या व्यवस्थेची स्वतःची कालगणना १९८० साली सुरू झाली. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याशी मेळ राहावा म्हणून जगाच्या प्रमाण वेळेत अधूनमधून एक सेकंद वाढवला गेला, जी. पी. एस. च्या कालगणनेत मात्र तो वाढवला गेला नाही. म्हणून २०१७ सालापासून या दोन वेळांत १८ सेकंदांचे अंतर आहे. एका वेळेचे कोष्टक दुसऱ्या वेळेप्रमाणे वाचले, तर काय होईल? उपग्रह सेकंदाला सुमारे ३.९ किलोमीटर धावतो. म्हणून तो कोष्टकातील जागेपेक्षा सुमारे ७० किलोमीटर पुढे सापडेल. पण सापडेल आपल्या मार्गावरच.

दुसरा प्रश्न : चूक किती काळाने परत येते? २०१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपच्या ‘गॅलिलिओ’ मालिकेतील दोन उपग्रह चुकून लांबट कक्षेत जाऊन पडले. त्यांची घड्याळे पृथ्वीजवळ येताना मंद होत आणि दूर जाताना जलद होत. प्रत्येक प्रदक्षिणेत हे चढउतार पुन्हा दिसत. हा घड्याळांचा बिघाड नव्हता. गुरुत्वाकर्षण आणि वेग यांचा काळावर परिणाम होतो, असे आईन्स्टाईन यांनी सांगितले होते. त्याचाच हा प्रत्यय होता. शास्त्रज्ञांनी त्या चढउतारांचे मोजमाप करून त्या सिद्धान्ताची परीक्षा घेतली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फसलेल्या उड्डाणातून असे ज्ञान हाती आले.

तिसरा प्रश्न : चूक एकाच उपग्रहात आहे, की अनेकांत? २६ जानेवारी २०१६ रोजी जी. पी. एस. च्या अनेक उपग्रहांकडून येणाऱ्या प्रमाण वेळेत १३ दशलक्षांश सेकंदांची चूक आढळली. इतकी घड्याळे एकाच दिवशी सारखीच कशी बिघडतील? अर्थात दोष घड्याळांत नव्हता. एक जुना उपग्रह सेवेतून काढताना जमिनीवरील केंद्रातून इतर उपग्रहांकडे चुकीची माहिती गेली होती. याउलट प्रसंग आपल्या भारतीय ‘नाविक’ व्यवस्थेवर आला. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये आकाशात गेला. पुढे त्याची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. बाकीचे उपग्रह काम करीत होते. म्हणजे येथे दोष घड्याळांतच होता. ही घड्याळे परदेशांतून आणलेली होती. त्या उपग्रहाच्या जागी दुसरा पाठवण्याचा ३१ ऑगस्ट २०१७ चा प्रयत्न फसला. पण आपले शास्त्रज्ञ खचले नाहीत. १२ एप्रिल २०१८ रोजी नवा उपग्रह कक्षेत गेला. एवढ्यावरच न थांबता त्यांनी अणुघड्याळ आपल्या देशातच घडवले, आणि २९ मे २०२३ रोजी ते उपग्रहातून आकाशात गेले.

मुलांनो, तुमचे गणित चुकले, तर ते पाटीवरून घाईने पुसून टाकू नका. मागील चार गणिते काढून पाहा. प्रत्येक वेळी हातचा विसरला आहे काय? की फक्त भागाकारातच चूक होते? चूक एकाच वाटेने परत परत येत असेल, तर तिची पावले उमटलेली असतात. ती पावले पाहत जो मागे जाईल, त्याला तिचे घर सापडल्यावाचून राहणार नाही.

अभ्यास

१. एस. टी. नेहमी रस्त्यावरच, पण पुढे दिसते. यावरून कोणता निष्कर्ष निघतो आणि का?
२. २०१६ साली दोष घड्याळांत नाही, हे कशावरून ओळखता येते?
३. तुमच्या हातून पुन्हा पुन्हा होणारी एक चूक निवडा. तिला पाठातील तीन प्रश्न विचारा आणि काय आढळले ते आठ-दहा ओळींत लिहा.