वसतिगृहातील खाज : काही त्वचाविकारांची ओळख आणि काळजी

निवासी शाळेत वाढलेला विद्यार्थी स्मरणिकेसाठी लिहू लागला, की पहाटेची वंदना, भाकरीची रांग, हिवाळ्यातले थंड पाणी यांविषयी भरभरून लिहितो. बोटांच्या बेचक्यांत उठलेल्या पुरळाविषयी मात्र कोणी लिहीत नाही. वास्तविक वसतिगृहात राहिलेल्या बहुतेकांनी खरूज एकदा तरी पाहिलेली असते. म्हणून वसतिगृहाची व्यवस्था पाहणारे आम्ही हा विषय येथे घेत आहोत.

खरूज हा घाणेरड्या मुलांचा रोग आहे, ही समजूत प्रथम बाजूला ठेवली पाहिजे. तो अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अशा, आठ पायांच्या किड्यामुळे होतो. मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा पोखरते व त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. इटलीतील बोनोमो व चेस्टोनी यांनी १६८७ मध्येच हा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे कारण सांगितले होते. तरीही आजतागायत दोष मुलाच्या आंघोळीला दिला जातो. रोज साबणाने स्नान करणाऱ्यालाही खरूज होते, कारण तिला हवा असतो तो त्वचेचा त्वचेशी काही वेळ टिकणारा स्पर्श. एका सतरंजीवर दाटीवाटीने झोपणाऱ्या मुलांत तो रोजच घडतो.

ओळखीची खूण म्हणजे रात्री वाढणारी खाज. दिवसा खेळात विसरलेले मूल अंथरुणात शिरताच ओरबाडू लागते. बोटांची बेचकी, मनगटाची आतील बाजू, काखा, बेंबीभोवतालचा भाग, कंबर, नितंब या ठिकाणी बारीक पुटकुळ्या दिसतात. मुलग्यांच्या जननेंद्रियावरही त्या उठतात आणि नेमकी तीच गोष्ट मूल लपवते. एकाच खोलीतील किंवा एकाच घरातील दोघा-तिघांना अशी खाज असेल, तर खरजेचाच संशय प्रथम घ्यावा.

यात एक मोठी फसगत आहे. प्रथमच लागण झालेल्याला खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात, पण तोवर त्याच्यापासून इतरांना लागण होत असते. आज जो खाजवत नाही तो निरोगी आहेच, असे म्हणता येत नाही.

ही गोष्ट आम्ही चूक करून शिकलो. एका वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस एका मुलाच्या हातांवर पुरळ दिसले. आम्ही त्याला मलम आणून दिले, त्याचे अंथरूण व्हरांड्यात हलविले आणि आपले काम झाले असे मानले. तो बरा झाला, खोलीत परतला आणि पुन्हा खाजवू लागला, कारण ज्यांच्या शेजारी तो झोपत होता त्यांच्यापैकी कोणालाच आम्ही औषध लावले नव्हते. मुलांनी त्याला एक नाव ठेवले. ते येथे लिहिण्याजोगे नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला तो परत आलाच नाही.

विनयपिटकाच्या महावग्गात आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांची हकीकत आहे. त्वचारोगाच्या स्रावाने त्यांचे चीवर अंगाला चिकटत असे आणि सोबतचे भिक्षू ते पाण्याने भिजवून सोडवीत. भगवंतांनी हे पाहून अशा रुग्णांसाठी औषधी चूर्णाची अनुज्ञा दिली. बेलट्ठसीसांना दूर ठेवल्याचा उल्लेख तेथे नाही. आम्ही ही कथा मुलांना सांगत होतो आणि त्याच वेळी व्हरांड्यात एक अंथरूण पडले होते.

आता औषध कसे लावावे ते पाहू. डॉक्टरांनी निदान केल्यावर बहुधा ५ टक्के परमेथ्रिनचे मलम मिळते. (जुन्या विद्यार्थ्यांना गंधकाच्या मलमाचा वास आठवत असेल!) ते पुरळावरच नव्हे, तर मानेपासून तळपायांपर्यंत सर्वांगाला लावायचे असते, बेचकी, नखांखालची जागा, बेंबी काहीही सुटता कामा नये. रात्री लावून सकाळी आठ ते चौदा तासांनी धुवावे आणि सुमारे आठवड्याने पुन्हा लावावे. तान्ह्या बाळांसाठी व गरोदर स्त्रियांसाठी डॉक्टरांना आधी विचारावे. सर्वांत महत्त्वाचे हे, की खोलीतील किंवा घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री ते लावावे. त्या सकाळी कपडे, टॉवेल, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. अंगापासून दूर हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा फारसा जगत नाही. किडे मेल्यानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध फसले असे समजून रोज मलम थापू नये.

पुटकुळ्यांत पू झाला तर विलंब करू नये. काही वेळा त्या जंतुसंसर्गामागून मूत्रपिंडाला सूज येते. सकाळी चेहरा सुजलेला दिसणे किंवा लघवी गडद होणे ही त्याची लक्षणे आहेत.

गजकर्ण किंवा नायटा हे प्रकरण वेगळे. ही बुरशी आहे. जांघेत, कमरेवर गोल चट्टा उठतो. त्याची कड लाल, खवलेदार व किंचित उंच, मध्यभाग त्यामानाने स्वच्छ. येथे आमचा राग औषधाच्या दुकानात मागून मिळणाऱ्या मिश्र मलमांवर आहे. त्यांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, मूल खूश होते. आत बुरशी पसरत राहते, चट्ट्याचा गोल आकार हरवतो आणि डॉक्टरांनाही ओळखणे कठीण जाते. जांघेतील कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उमटतात. नळीवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे शब्द दिसले, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती वापरू नये.

पांढऱ्या डागांविषयी पालकांना फार धास्ती असते. लहान मुलांच्या गालावरचे फिकट, कोरडे डाग जंतांमुळे येतात असे घरोघर म्हटले जाते. त्यांचा जंतांशी संबंध नाही, तेल लावत राहिल्यास ते बहुधा हळूहळू जातात. छातीपाठीवरची शिबं ही साधी बुरशी. कोड दुधासारखे पांढरे असते आणि स्पर्शाने मुळीच पसरत नाही.

ज्या डागाला खाज नाही, त्याकडेच अधिक लक्ष द्यावे. फिकट किंवा तांबूस चट्टा, ज्यावर घाम येत नाही, केस विरळ झाले आहेत आणि मुलाचे डोळे मिटवून कापसाचा धागा फिरविला तरी ते कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. सरकारी आरोग्य केंद्रात त्याची औषधे विनामूल्य मिळतात. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची भीती लवकरच नाहीशी होते, त्यामुळे मुलाला शाळेतून काढण्याचे कारण उरत नाही. उशीर झाला तर मात्र मज्जातंतूंची हानी भरून येत नाही.

पालकांना एक विनंती. सुट्टीत मूल घरी आले की पहिल्याच रात्री त्याचे हात उजेडात पाहावेत, आणि काही दिसल्यास आम्हाला कळवावे. आता अशी सूचना आली, की आम्ही मुलाचे नाव न सांगता त्या खोलीतील सर्वांना एकाच रात्री मलम देतो, आणि त्या रात्री गृहपालही ते लावतात.